उचल दाजींच्या हातात, अंगठा बहिणीचा

पत्र: "माझी थोरली बहीण आणि दाजी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात. मी चाकणला कंपनीत आहे. दाजी कामाला वाघ, पण दारू पिऊन बहिणीला मारतात. गेल्या हंगामात तिचा हात मोडला. दवाखान्यात तिने 'घसरून पडले' असं सांगितलं. यंदाही दाजींनी टोळीच्या मुकादमाकडून लाखाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी घेतली, तिला त्यातलं काही दिसलं नाही. आई म्हणते, नांदावंच लागतं. भाची तेरा वर्षांची आहे, तिच्या लग्नाचं आत्तापासून चाललंय. वडील गेल्या वर्षी वारले. तीन एकर कोरडवाहू आहे, त्यावर बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं आहे. ते उरकलं की चार पोरं घेऊन जावं आणि दाजींना समज द्यावी असं वाटतं. माणूस असा का वागतो? मी काय करू?"
– एक भाऊ, धारूर तालुका

दादा,

चार पोरं घेऊन जायचं आधी मनातून काढून टाका. समज देऊन तुम्ही रात्रीच्या गाडीने चाकणला परताल. बहीण मात्र त्याच घरात राहील आणि चारचौघांत झालेल्या अपमानाची वसुली तिच्याकडूनच होईल. त्यात पोलीस ठाण्यात पहिली तक्रार तुमच्यावर पडली, तर तिची खरी तक्रार 'दोन्हीकडची भांडणं' म्हणून बाजूला सारली जाईल.

आता तुमचा पहिला प्रश्न, माणूस असा का वागतो. दारूचं उत्तर सोपं वाटतं आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात, अशा दर शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींनी नवऱ्याचा छळ सोसल्याचं सांगितलं. पण नवरा दारूला शिवतही नाही, अशांतही वीसहून जास्त जणी आहेत. दुसरं म्हणजे, उसाच्या फडात मुकादम आईबहिणीवरून बोलला, मापात वजन मारलं गेलं, तरी दाजी मुकादमावर हात टाकत नाहीत. प्यायलेले असले तरी टाकत नाहीत. कोणाला मारलं तर महागात पडेल आणि कोणाला मारलं तर काहीच होणार नाही, हे त्यांना दारूतही नीट कळतं. तेव्हा बहिणीला मारणं स्वस्त कशामुळे झालं, ते पाहायला हवं.

हिशेब मांडू. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला साधारण दोन टन ऊस पाडते. लाखाची उचल फेडायला 273 टन लागतात, म्हणजे खाडा न करता साडेचार महिने. यातला निम्मा घाम बहिणीचा. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. त्याआधी पहाटे तीनला उठून भाकरी, रात्री परत चूल, पाणी, पोरं. चूल-पाण्याला दर नाहीच. ज्याला दर आहे, त्या मेहनतीचे पन्नास हजारही एकाच माणसाच्या हातात पडतात, कारण मुकादम व्यवहार कोयत्याशी करतो आणि कोयत्याचा मालक नवरा धरला जातो. करारनामा लिहिला जातो तेव्हा बायकोचा अंगठा मात्र घेतात. कर्जाला ती भागीदार आहे, पैशाला नाही.

एवढ्यावर थांबत नाही. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला उचलही अर्धी मिळते. त्यामुळे बायको असणं ही उचलीची अट होऊन बसते. पोरगी लवकर उजवली की सासरी एक कोयता वाढतो, आणि आई-बाप फडात असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही माहेरची काळजीही मिटते. त्याच सर्वेक्षणात राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. बीड जिल्ह्यात हा आकडा चाळिसाच्या वर जातो. तुमच्या भाचीचं 'चाललंय' ते यातूनच. आणि खाड्याला दंड आहे म्हणून पाळीसुद्धा परवडत नाही. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ज्या व्यवहारात बाईचं शरीर इतक्या सहज खर्ची पडतं, तिथे नवऱ्याच्या दोन थपडा कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत.

दाजींची यातून सुटका होते असं नाही. त्याच फडात, तेवढ्याच उचलीखाली दबलेले आणि बायकोवर कधीच हात न उगारणारे पुरुष आहेत. मारणं ही दाजींची निवड आहे. गरिबीने फक्त ती निवड फुकट करून ठेवली आहे.

ती फुकट राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बहिणीला जायला जागा नाही. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे पाचशे विवाहित बायकांची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या 49 टक्के जणींनी संसारात मारहाण सोसली होती. नावावर फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10, आणि घर-जमीन दोन्ही असलेल्यांत 7 टक्के. घराचा परिणाम जमिनीपेक्षा जास्त दिसला तो याचसाठी, की रात्री दोनला बाहेर पडायची वेळ आली तर छप्पर लागतं. आपल्याकडेही ही समज नवी नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला.

म्हणून तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात जास्त खुपलेली ओळ दाजींबद्दलची नाही. ती हक्कसोडपत्राची आहे. एका हाताने बहिणीला सोडवायला निघालात आणि दुसऱ्या हाताने तिची परतीची वाट बंद करताय. वाईट हेतूने नाही, गावात असंच चालतं म्हणून. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं जवळपास अशक्य असतं. ते करू नका.

कायद्याने तुम्ही, आई आणि बहीण असे तिघे समान वारस आहात. तीन एकरांत बहिणीचा एक एकर, 40 गुंठे. मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला होता, केंद्राचा कायदा 2005 मध्ये आला. वडील केव्हा वारले यावरून होणारा वादही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये संपवला. करायचं एवढंच: वडिलांचा मृत्यू दाखला, तिघांची नावं, वय, पत्ता आणि वडिलांशी नातं लिहिलेला वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या किंवा ई-हक्क पोर्टलवर भरा. अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. वर्ष उलटलं असलं तरी घेतात, थोडा दंड लागू शकतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. इथे नेहमीचं विघ्न म्हणजे तलाठी कार्यालयातच कोणीतरी "बहिणींची नावं इतर हक्कात टाकू" असं सुचवतं. तसं होऊ देऊ नका. नाव कब्जेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावर मालकांची नावं असतात त्या रकान्यात, तुमच्या आणि आईच्या बरोबरीने आलं पाहिजे. फेरफार झाला की सातबाऱ्याचा उतारा काढून स्वतः वाचा. माहेरच्या घरातली एक खोलीही तिची आहे हे आईच्या तोंडून तिच्या कानावर गेलं पाहिजे. 'नांदावंच लागतं' हे वाक्य आईच बदलू शकते.

आता मारहाणीबद्दल.

गाठोडं आधी तयार करा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, जुने केसपेपर, मुकादमाशी झालेल्या करारनाम्याची प्रत मिळाली तर ती. मूळ कागद हलवल्याचं लक्षात येईल अशी भीती असेल तर सगळ्यांचे फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि झेरॉक्सचा एक संच आशाताईकडे किंवा अंगणवाडीताईकडे. अंगावर येण्याची वेळ आली तर 112. सल्ला आणि निवाऱ्यासाठी 181. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे मुलांसह पाच दिवसांपर्यंत राहता येतं. हे तीन पत्ते तिला तोंडपाठ हवेत, कारण फोन बहुधा दाजींच्या खिशात असतो.

पुन्हा मार बसला तर सरकारी रुग्णालयात जायचं आणि 'नवऱ्याने काठीने मारलं' असं सांगायचं. डॉक्टर जे ऐकतो तेच केसपेपरवर लिहितो. 'घसरून पडले' असं एकदा लिहिलं गेलं की दोन वर्षांनी वकील तोच कागद तिच्याविरुद्ध वाचून दाखवतो. गेल्या हंगामातला तो केसपेपरही फाडू नका. खोटं का सांगितलं ते संरक्षण अधिकाऱ्याला (घरातल्या हिंसाचाराच्या तक्रारी घेणारा सरकारी अधिकारी) सांगता येतं, आणि हात मोडल्याची तारीख व एक्स-रे तर त्यात आहेतच.

तिच्या हातात दोन वेगळी हत्यारं आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. एक फौजदारी: नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ, जुनं 498-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. यात दाजी आत जाऊ शकतात, पण तिच्या चुलीची सोय यातून होत नाही. दुसरं 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. बऱ्याच जणी आधी हा निवडतात. यात मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, दरमहा खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. कमावलेले पैसे काढून घेणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. लाखाच्या उचलीतला तिचा वाटा बुडवला, हे अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहायला सांगा. वकील पुष्कळदा फक्त मारहाण लिहितात.

वाट अशी: तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं (कुठे बसतात ते 181 वर किंवा महिला व बालविकास कार्यालयात कळतं). ते कौटुंबिक घटनेचा अहवाल भरतात. शुल्क नाही, प्रत फुकट. मग कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याच्यासोबतच कलम 23 खाली अंतरिम आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडायला विसरू नका. मूळ निकाल साठ दिवसांत लावावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात पुष्कळदा वर्ष उलटतं. मधल्या काळात तिला तगवतो तो अंतरिम आदेश. खर्च मागताना 'योग्य ती रक्कम' असं मोघम न लिहिता किराणा, शाळा, औषध, प्रवास, भाडं अशी दरमहाची यादी द्या. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक 15100.

ऊसतोडीवाल्यांसाठी या कायद्यात एक मोलाची तरतूद आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. कलम 27 प्रमाणे बाई कायमची राहते तिथेच नाही, तर तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. म्हणजे फडाजवळच्या कोपीवर, मजुरांच्या झोपडीत, मार बसला तर कारखान्याच्या तालुक्यातही दाद मागता येते आणि तो आदेश देशभर लागू असतो. तरीही आमचा सल्ला धारूरचाच. हंगाम सरला की कोप्या मोडतात, माणसं गावी परततात आणि तीनशे किलोमीटरवरची तारीख गाठता येत नाही. तारखा चुकल्या की गैरहजेरीमुळे प्रकरण बंद होऊ शकतं. तुम्हाला चाकणहून प्रत्येक तारखेला येणं जमणार नसेल, तर कोण जाणार ते आत्ताच ठरवा.

एखाद्या वेळी पोलीस ठाण्यात किंवा गावात पंच 'मिटवू' म्हणतील. बहिणीची इच्छा असेल तर बसा, पण तोंडी वचनावर उठू नका. हात उगारणार नाही, उचलीचा निम्मा भाग तिच्या खात्यावर, भाची शाळेत, असं कागदावर लिहून, सह्या घेऊन, तारीख टाकून प्रत ठेवा. समजुतीने मिटलं म्हणून नंतर अर्ज करायचा हक्क जात नाही.

पैशाचं सांगतो. मुकादमाला तुम्ही, आई आणि जमलं तर दाजी मिळून सांगा, की अंगठा दोघांचा तर रक्कमही दोन खात्यांवर. यंदाची उचल गेली असेल तर हंगामात जे फिटेल त्याच्या वरच्या कमाईपासून सुरुवात करा. काही मुकादम ऐकतात, कारण जोडीत रोज भांडण असलं की खाडे वाढतात आणि त्यांचेही पैसे अडकतात. खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबरही तिचा. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये तिच्या नावावर येत असतील, तर मेसेज कोणाच्या फोनवर जातो ते आधी पाहा. तो दाजींच्या फोनवर येत असेल तर पैसा आला त्या संध्याकाळीच भांडण ठरलेलं. नंबर बदलायला बँकेत आधार घेऊन तिने स्वतः जावं लागतं. एटीएमचा पिन आणि अंगठा लावून पैसे काढणं, दोन्ही तिला येऊ द्या. बचत गटातून किंवा फायनान्स कंपनीकडून तिच्या नावावर कर्ज उचलून दाजींनी वापरलं आहे का, तेही विचारा. असं कर्ज पुष्कळ घरांत निघतं आणि हप्त्याच्या दिवशी मार बसतो.

एक धोका मोकळेपणाने सांगायला हवा. बाईच्या हातात पैसा यायला लागला की सुरुवातीला मारहाण कधीकधी वाढते. हुकूम सुटतोय हे पुरुषाला कळतं. म्हणून गाठोडं आणि माहेरची खोली आधी, खातं नंतर.

ती फड सोडून आली आणि मुकादम 'उचल फिटल्याशिवाय हलायचं नाही' म्हणून अडवू लागला किंवा पोरांना ठेवून घेऊ लागला, तर ती वेठबिगारी आहे. 1976 पासून तो गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दाजींशी बोलायचंच असेल तर ते न प्यायलेले असताना, एकट्याने आणि बहिणीची परवानगी घेऊन. "तुम्ही मारता हे मला माहीत आहे. परत झालं तर आम्ही कोर्टात जाऊ. तिचं नाव आमच्या सातबाऱ्यावर लागलंय. दारू सोडायची असेल तर दवाखान्यात मी सोबत येतो." इतकंच. शिव्या नकोत, धमकी नको. दारूवर सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात. त्यांच्या नावावर थोडीफार जमीन असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर दोघांच्या नावे करता येतं. पण त्याला त्यांची सही लागते, तेव्हा त्यावर आत्ताच भिस्त ठेवू नका.

भाचीसाठी वाट पाहू नका. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तुमचा ग्रामसेवकच. त्याला लेखी कळवा, आणि तारीख ठरल्याची कुणकुण लागली तर 1098, म्हणजे मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, तिथे प्रवेशाची चौकशी करा. त्यासाठी आई-बापाचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागतं, तेही ग्रामसेवकाकडूनच मिळतं. पोरगी शाळेत राहिली तर 'तिला ठेवायचं कुठं' हा दाजींचाही प्रश्न सुटतो, आणि या एका गोष्टीवर ते तुमचं ऐकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

बहीण कदाचित 'आत्ता नको' म्हणेल. तिच्यावर रागावू नका. केव्हा निघायचं, निघायचं की नाही, तक्रार कोणती करायची, हे तिने ठरवायचं आहे. घाई केलीत तर ती पुढच्या वेळी तुम्हालाही 'घसरून पडले' असंच सांगेल. तिचा होकार येईपर्यंत वारस नोंद, भाचीचं वसतिगृह आणि आईची समजूत ही तीन कामं तुम्ही पुढे रेटू शकता. या सुट्टीला गावी गेलात की मृत्यू दाखला घेऊन आधी तलाठ्याकडे जा.